घाटापुरते इंजिन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला सातवीत विज्ञान शिकवायचे. घर्षणाचा धडा आला तेव्हा त्यांनी वर्ग उठवला आणि आम्हाला रांगेने कर्जत स्टेशनावर नेले. पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती. मागून बँकर इंजिने आली, हलका धक्का बसला, कपलिंग अडकले, आणि वड्यांच्या पाट्या घेतलेली पोरे खिडक्यांखालून पळू लागली. गुरुजी म्हणाले, "पुढचे इंजिन दमदार आहे, पण सदतिसास एक हा चढ त्याला एकट्याला झेपत नाही. मागची इंजिने घाटापुरती. घाट संपला की ती सुटतात आणि इथे परत येतात." मग त्यांनी ठाकूरवाडी आणि मंकी हिलच्या कॅच सायडिंगविषयी सांगितले. उतरणीवर गाडी आवरेनाशी झाली, तर तिला चढावर वळवून थांबवणारा तो फाटा. ज्याने तो बांधला, त्याला ब्रेक कधीतरी दगा देणार हे ठाऊक होते.

बँकर आणि सायडिंग ही दोन चित्रे आज मला हवी आहेत. विषय आहे मोटारींच्या शर्यतींत गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ओततात तो पैसा, आणि त्यांची आपसातली चुरस. माझी नोकरी खोपोलीच्या पोलाद कारखान्यात झाली. आमच्या भट्टीतले मिश्र पोलाद पुढे फोर्जिंगला जाई, त्याचे क्रँकशाफ्ट, गिअर, अ‍ॅक्सल होत. इंजिन फेऱ्याला लागले की त्याच्या पोटातल्या पोलादावर काय बेतते, हे मी तुटलेल्या तुकड्यांच्या फटीत पाहिलेले आहे. म्हणून शर्यतींकडे मी लहानपणापासून ओढला गेलो, आणि त्यांचा हिशोबही मला दिसत गेला.

आधी शब्द समजून घेऊ. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला असलेला माल. स्टॉक कार म्हणजे शोरूममध्ये उभी असते तीच गाडी, तुम्ही-आम्ही घेऊ शकतो ती. अमेरिकेत या गाड्यांच्या शर्यतींसाठी १९४८ साली नॅसकार ही संस्था स्थापन झाली. तिचा संस्थापक बिल फ्रान्स. पहिली 'निखळ स्टॉक' शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट शहराजवळच्या मातीच्या मार्गावर झाली. ग्लेन डनवे हा फोर्ड घेऊन पहिला आला. तपासनिसांनी गाडी खालून पाहिली, तर मागचे पाटे पसरवून घट्ट केलेले. त्या मुलखात हातभट्टीची दारू रात्री मोटारीतून जायची. डिकीत माल असताना पोलिसांना चुकवत वळण घेतले तरी गाडी कलंडू नये, म्हणून पाट्यांची ही करामत. डनवेचा नंबर रद्द झाला. मागून आलेला, लिंकन गाडी चालवणारा जिम रोपर विजेता ठरला. फोर्डचा मालक कोर्टात गेला आणि तिथेही हरला.

मला हा निकाल त्या खेळाचा पाया वाटतो. नियम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी जिंकलेल्याला घरी पाठवले. एवढा कणा पुढे दर वेळी राहिला का, हे पाहायचे आहे.

कारण लवकरच मागून बँकर लागले. हडसन नावाची मोटार कंपनी होती. तिने शर्यतीसाठी दणकट भाग तयार केले आणि ते 'खडतर वापराचे भाग' म्हणून आपल्या कॅटलॉगात छापून टाकले. कॅटलॉगात आहे म्हणजे दुकानातला माल, म्हणजे स्टॉक! १९५२ साली ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. आणि १९५४ मध्ये ही कंपनी नॅशबरोबर विलीन झाली, १९५७ नंतर हडसन नावाची गाडीच निघाली नाही. शर्यत जिंकणे आणि धंदा टिकणे यांच्यात लोक समजतात तेवढे नाते नाही, याचा हा पहिला दाखला. त्यानंतर कार्ल कीखेफर आला. बोटींना लागणारी मोटार बनवणारा हा कारखानदार क्रायस्लरच्या ताकदवान गाड्या विकत घेऊन उतरला. नामांकित चालक त्याने पगारावर ठेवले, गाड्या बंदिस्त ट्रकमधून आणल्या. १९५६ मध्ये त्याच्या चमूने ओळीने १६ शर्यती मारल्या. लोकांनी त्याच्या चालकांची हुर्यो उडवायला सुरुवात केली. आपल्याच गावातल्या गॅरेजवाल्याला हरवायला पैशाची थैली आली, हे बघ्याला सहन होत नाही. त्या वर्षअखेरीस कीखेफर बाहेर पडला.

१९५७ च्या मे महिन्यात मार्टिन्सव्हिलला एक गाडी प्रेक्षकांत घुसली. जूनमध्ये अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींतून अंग काढून घेण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, पैसा मागच्या दाराने येत राहिला. १९६२ मध्ये फोर्डने तो ठराव उघडपणे झुगारला.

इथे मला आपल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांचे नाव घेताना मी बोरघाटाकडे पाहतो, कारण या घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामे ज्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीने केली, तिची सूत्रे त्यांच्या हाती होती. मोटार हिंदुस्थानात बनली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. विश्वेश्वरय्यांसारखा माणूस त्यासाठी खटपट करत होता. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. फोर्डशी बोलणे फिसकटले. शेवटी १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

डॉज आणि प्लिमथ! हीच दोन नावे अमेरिकेत पुढे इरेला पेटली. १९६४ च्या 'डेटोना ५००' या मोठ्या शर्यतीत क्रायस्लरने अर्धगोल ज्वलनकक्षाचे सात लिटरचे 'हेमी' इंजिन आणले. रिचर्ड पेटी प्लिमथमध्ये जिंकला, पहिले तिन्ही नंबर हेमीचे. हे इंजिन दुकानातल्या गाडीत मिळत नव्हते, म्हणून बिल फ्रान्सने १९६५ साठी त्यावर बंदी घातली. क्रायस्लर रुसून बाहेर गेली. पेटीसारखा अव्वल चालक सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग शर्यतींत गेला आणि तिथे त्याच्या गाडीचा ताबा सुटून एका आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. इकडे स्टॉक शर्यतीची गर्दी ओसरली. पुढच्या वर्षी हेमीला वाट मोकळी झाली, तर फोर्डच्या नव्या इंजिनावर अटी आल्या म्हणून फोर्ड रुसली. एक बँकर जोडला की दुसरा सुटतो, आणि गाडी चढावर अडकून पडते. रुसवे कंपन्यांचे, फरफट चालकांची.

मग आल्या पंखवाल्या गाड्या. मोठ्या गोल मार्गांवर वेग तीनशे किलोमीटरच्या पुढे गेला आणि हवेचा अडसर हाच खरा प्रतिस्पर्धी ठरला. १९६९ मध्ये डॉजने 'चार्जर डेटोना' काढली. पुढे टोकदार नाक, मागे उंच खांबांवर बसवलेला पंख. त्याच वर्षी पेटी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेला होता. त्याला परत आणण्यासाठी प्लिमथने १९७० साली तशीच 'सुपरबर्ड' बनवली. एका चालकासाठी नवी गाडी! नियम असा होता की शर्यतीत उतरवायची गाडी ठराविक संख्येने लोकांना विकायला बनवलीच पाहिजे. १९७० साठी ही संख्या दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी अशी ठरली, म्हणून सुमारे १,९०० सुपरबर्ड निघाल्या. २४ मार्च १९७० रोजी बडी बेकरने टॅलाडेगाच्या मार्गावर डॉज डेटोना ताशी २०० मैलांच्या वर, म्हणजे ३२२ किलोमीटरच्या वेगाने नेली. नॅसकारच्या गाडीने बंद मार्गावरच्या फेरीत हा आकडा पहिल्यांदा ओलांडला.

त्या धंद्यात एक वाक्य रूढ होते: रविवारी जिंका, सोमवारी विका. सुपरबर्डचा सोमवार मात्र आलाच नाही. गल्लीत लावायला अवघड, दिसायला विचित्र अशी ती गाडी गिऱ्हाईक घेईना. विक्रेत्यांच्या आवारात महिनोन्महिने गाड्या पडून राहिल्या. काहींनी तर नाक आणि पंख उतरवून त्या साध्या मॉडेलच्या रूपात विकून टाकल्या.

आणि माणसांचे काय? सप्टेंबर १९६९ मध्ये टॅलाडेगा मार्गावर पहिली मोठी शर्यत होती. सरावात त्या वेगाला टायर काही फेऱ्यांतच फाटू लागले. चालकांनी महिनाभर आधीच पेटीच्या पुढाकाराने संघटना बांधली होती. त्यांनी शर्यत पुढे ढकलण्याची विनंती केली. फ्रान्सने नकार दिला. नावाजलेले चालक गाड्या गुंडाळून निघून गेले, आणि उरलेल्यांत शर्यत घेतली गेली. जिंकली अर्थातच पंखवाली डॉज. १९४९ मध्ये जिंकलेल्याची गाडी बाद करणारा हाच बिल फ्रान्स. वीस वर्षांत त्याची पारख बदलली होती. मागे कारखान्यांचा पैसा, पुढे नवा कोरा मार्ग, विकलेली तिकिटे. मी त्याला खलनायक म्हणत नाही. पण ज्याने सायडिंग सांभाळायचे, तोच गाडी वेळेवर पोचवण्याच्या घाईत पडला की काय होते, ते त्या दिवशी दिसले.

सायडिंग बांधले गेले, पण उशिरा. १९७१ साठी पंखवाल्या गाड्यांना पाच लिटरपर्यंतच्या इंजिनाची मर्यादा आली आणि त्या संपल्या. फोर्डने १९७० च्या नोव्हेंबरमध्येच कारखान्याचा पैसा काढून घेतला होता. ती पोकळी सिगारेट कंपनीने भरली. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटची जाहिरात बंद झाली होती, तो पैसा शर्यतीकडे वळला. पुढची कहाणी मी लांबवत नाही. २००७ मध्ये टोयोटा मुख्य मालिकेत आली तेव्हा जुन्या चमूंनी खर्च आवाक्याबाहेर जाईल अशी ओरड केली. २०१२ च्या अखेरीस डॉज निघून गेली. २०२२ पासून तर सांगाडा, गिअरबॉक्स, चाके असे बरेच भाग सगळ्यांना नेमून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. आज त्या गाडीत दुकानातले जवळजवळ काही नाही. स्टॉक हा शब्द तेवढा राहिला आहे.

आता घरी येऊ. आपल्याकडे ही चुरस दशकानुदशके का दिसली नाही? आपल्या लोकांना वेगाचे वेड नव्हते म्हणून नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर फियाट, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड या गाड्या हौशी लोकांनी पदरमोड करून पळवल्या. पण वालचंदांच्या प्रीमियरला किंवा हिंदुस्थान मोटर्सला शर्यतीत पैसा घालायचे कारणच नव्हते. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. स्कूटर नोंदवली तेव्हा मुलगा पाळण्यात, आली तेव्हा तो शाळेत, असे घर या सभागृहात निघेल. ज्याला सोमवारी विकायची चिंता नाही, तो रविवारी जिंकायला कशाला जाईल?

म्हणून मी म्हणतो की कंपन्यांची चुरस ही मुळात वाईट गोष्ट नाही. ती गिऱ्हाइकाला पर्याय असल्याची खूण आहे. पर्याय आले आणि पैसाही आला. चाकणला कारखाना काढलेल्या फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलो गाड्यांची शर्यतमाला सुरू केली. टोयोटाने इटिऑसची केली. मारुती वर्षानुवर्षे हिमालयातल्या आणि वाळवंटातल्या रॅलींच्या पाठीशी होती, २०१९ मध्ये तिने हात काढून घेतला. महिंद्राने रॅलीत आपली एक्सयूव्ही उतरवली, जिंकली, आणि थांबली. यातल्या पोलो आणि इटिऑसच्या शर्यती एकाच कंपनीच्या गाड्यांच्या. सगळ्यांना सारखीच गाडी, म्हणजे चालकाचे कसब दिसते, हे खरे. पण अशी शर्यत त्या कंपनीच्या जाहिरातखात्यावर जगते. खाते बंद झाले की शर्यत बंद.

टायर कंपन्या मात्र टिकल्या. एमआरएफ आणि जेके यांची झुंज कितीतरी वर्षे चालू आहे. कारण साधे आहे. मोटार माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो, टायर पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. त्यांच्या जिवावर आपल्याकडचे चालक घडले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एका देशात एका टायर कंपनीच्या नावाची एक राष्ट्रीय मालिका आणि दुसरीच्या नावाची दुसरी, ही मांडणी मला पटत नाही. राष्ट्रीय शर्यत ही पैसे देणाऱ्यापेक्षा मोठी असली पाहिजे.

या भागाला सगळ्यात जवळचा प्रयोग ट्रकचा. मार्च २०१४ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर टाटा मोटर्सने प्राइमा ट्रकची शर्यत घेतली. बारा ट्रक, सहा चमू. व्होल्वो, स्कॅनिया, भारतबेंझ बाजारात आल्या होत्या आणि टाटांचा ट्रकही त्या तोडीचा आहे, हे मालकवर्गाला दाखवायचे होते. पहिल्या वर्षी चालक परदेशी होते. २०१६ मध्ये मात्र आपल्याच महामार्गांवर ट्रक हाकणाऱ्यांमधून निवड करून, शिकवून, त्यांची स्वतंत्र शर्यत झाली. मी ती टीव्हीवर पाहिली. हेल्मेट काढल्यावर त्या चालकाच्या चेहऱ्यावर जे होते, ते शब्दांत सांगणे मला जमणार नाही. ज्याला चौकीवर, गोदामात, हॉटेलवर सगळे अरेतुरे करतात, त्याच्या नावाने माईकवरून पुकारा झाला होता. २०१७ नंतर ती शर्यत पुन्हा झाली नाही.

मला या प्रयोगाचे मोल खोपोलीमुळे कळते. कारखान्यातून पाळी संपवून मी जुन्या रस्त्याने घरी यायचो. घाट उतरून आलेले ट्रक कडेला लावलेले असत. तापलेल्या लायनरचा तो जळका, कडवट वास शंभर पावलांवरून यायचा. एकदा एक चालक चाकाशेजारी उकिडवा बसून ड्रमवर पाण्याचे थेंब शिंपडत होता. थेंब पडला की चर्र आवाज. मी म्हटले, "भाऊ, गार पाणी मारू नका, ड्रमला तडा जाईल." तो म्हणाला, "मारत नाही साहेब, बघतोय फक्त. थेंब चिकटून बसला की निघायचं." अठरा-वीस टन माल घेऊन खालच्या गिअरवर घाट उतरलेला हा माणूस, धातूचे तापमान थेंबाच्या आवाजावरून ओळखत होता. प्रयोगशाळेत आम्ही त्यासाठी उपकरणे लावायचो.

आणि एक खटकणारी गोष्ट सांगतो. आमच्याच भागातला एक मुलगा, गॅरेजमध्ये वाढलेला, हाताला विलक्षण गुण. एका कंपनीच्या शर्यतमालेत निवडला गेला. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण ठेवून हेल्मेट, सूट, परवाना, प्रवास यांचा खर्च केला. एक हंगाम झाला. दुसऱ्या हंगामाआधी कंपनीकडून दोन ओळींचा निरोप आला की यंदा कार्यक्रम नाही. का नाही, पुढे कधी, काही नाही. तो मुलगा आज चांगला मेकॅनिक आहे, जमीन सुटायला मात्र सहा वर्षे लागली. कंपनीने करार मोडला नाही, कारण करार एका हंगामाचाच होता. मला राग येतो तो याच गोष्टीचा.

आज हीच चुरस आपल्या दारात आली आहे. पावसाळ्यात कर्जतच्या धबधब्यांच्या वाटांवर शनिवार-रविवारी जीपगाड्यांचे ताफे येतात. कोणाची गाडी ओढ्यातून आधी निघते, कोणाची चिखलात रुतते, हे मोबाइलवर टिपले जाते आणि ती कंपनीची फुकट जाहिरात होते. बांध कोणाचा फुटतो? भातखाचरात चाके कोणाच्या जातात? आपल्याकडे शर्यत नवी नाही. बैलगाडीच्या शर्यतीसाठी तर माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, २०१४ ची बंदी सोसली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला तेव्हाच त्यांचा जीव खाली पडला. त्या शर्यतीत आता ट्रॅक्टर, जीप, बुलेट अशी बक्षिसे लागतात. पण बैल शेतकऱ्याचा असतो. पैसा देणारा उद्या निघून गेला, तरी बैल गोठ्यात राहतो, जोड लावण्याची विद्या घरात राहते.

आणि बाहेरून आलेल्याला वाट दाखवणाऱ्याच्या हाती काय राहते, त्याची आठवण याच भागात आहे. जुन्या घाटरस्त्याला शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातून वाट दाखवली या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. ट्रकवाले अजून तिथे नाणे टाकून जातात.

म्हणून इथे बसलेल्या सरपंचांना, नगरसेवकांना आणि ज्यांची पोरे गाडीच्या वेडाने झपाटली आहेत त्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. मोटारींचा कुठलाही खेळ घेऊन कोणी आपल्या तालुक्यात आले, तर त्यांना जरूर जागा द्या, चहा पाजा. पण सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुम्ही किती वर्षांसाठी आलात? आणि जाताना आमच्या चालकांसाठी, मेकॅनिकांसाठी इथे काय ठेवून जाल? उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.